इंग्रजी व्याकरणाचा घरबसल्या अभ्यास

मराठी घरांतील पुस्तकांच्या फळीवर एके काळीं इंग्रजीचीं तीन पुस्तकें हमखास सांपडत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, दुसरें नेस्फील्डचें व्याकरण आणि तिसरें रेन व मार्टिन यांचें. पहिल्यांत मराठी वाक्यांचें इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचें मराठी करावयाचें असे; दुसऱ्यांत नियम व त्यांचे अपवाद असत; तिसऱ्यांत नियमांच्या जोडीला अभ्यासपाठांची रेलचेल असे. यांपैकीं जें घरांत असेल तेंच पुरें मानून विद्यार्थी तें पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घोटीत असे. निवड करण्याचा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता.

आज तो प्रश्न उभा राहिला आहे. खिशांतल्या मोबाइलवर इंग्रजी व्याकरणाचीं साधनें इतकीं आहेत कीं, तीं नुसतीं चाळावयासहि एक जन्म पुरणार नाहीं. कोश आहेत, धडे आहेत, चित्रफिती आहेत, आपोआप चुका दाखविणारीं यंत्रें आहेत. आणि यांतील पुष्कळशीं विनामूल्य आहेत. तरीहि विद्यार्थ्याची तक्रार जुनीच आहे. नियम पाठ आहेत, चित्रफिती पाहून झाल्या आहेत, पण अर्जाच्या चार ओळी लिहावयास बसलें कीं हात अडतो. साधनें वाढलीं आणि अडचण जागच्या जागीं राहिली, असें कां व्हावें? याचें उत्तर साधनांच्या संख्येंत सांपडणार नाहीं. साधनाकडे जातांना विद्यार्थी बरोबर काय घेऊन जातो, यावर तें अवलंबून आहे.

एक उदाहरण घेऊन हा विचार करणें सोयीचें होईल. समजा, मराठी माध्यमाच्या शाळेंतून आलेल्या एका मुलीला एका अभ्यासक्रमाच्या चौकशीचें पत्र लिहावयाचें आहे. तिनें तीन वाक्यें लिहिलीं: 'प्लीज एक्सप्लेन मी द कंडिशन्स. आय हॅव सेंट द फॉर्म येस्टर्डे. आय वॉन्ट टु डिस्कस अबाउट द फी.' तीन वाक्यांत तीन चुका आहेत. पण त्यांतील एकहि चूक अज्ञानानें किंवा आळसानें झालेली नाहीं. तिन्ही वाक्यें मराठीच्या नियमाबरहुकूम अगदीं बिनचूक आहेत, आणि हीच खरी गोम आहे.

पहिलें वाक्य पाहावें. 'मला एक गोष्ट सांगा' याचें इंग्रजी 'टेल मी अ स्टोरी' असें होतें, हें लहान मुलगाहि जाणतो. त्याच न्यायानें 'मला अटी समजावून सांगा' याचें 'एक्सप्लेन मी द कंडिशन्स' असें व्हावयास हवें. पण इंग्रजींत तें 'एक्सप्लेन द कंडिशन्स टु मी' असें होतें. मराठींत दोन्ही ठिकाणीं एकच 'ला' प्रत्यय आहे. इंग्रजींत मात्र 'टेल', 'गिव्ह', 'सेंड', 'शो' हीं क्रियापदें 'मी' हा शब्द आपल्या अगदीं लगत घेतात, आणि 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब' हीं त्याला 'टु' च्या मध्यस्थीवांचून जवळ येऊं देत नाहींत. अर्थ पाहून हा भेद ओळखतां येईल, असा सोपा नियम नाहीं. प्रत्येक क्रियापदाचा आपला शिरस्ता आहे, आणि तो त्या क्रियापदाबरोबरच शिकावा लागतो.

जुन्या व्याकरणांत ही गोष्ट ठळकपणें कां आढळत नाहीं, याला ऐतिहासिक कारण आहे. लिंडले मरे यांचें सुप्रसिद्ध इंग्रजी व्याकरण १७९५ सालीं निघालें. तें यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेसाठीं लिहिलेलें होतें. त्या मुली पाळण्यापासून इंग्रजी बोलत होत्या. त्यांना भाषा शिकवावयाची नव्हती, त्यांच्या भाषेंतील सैलपणा काढून लेखन नेटकें करावयाचें होतें. ज्याची ती जन्मभाषा आहे त्याला 'एक्सप्लेन' या क्रियापदाची वागणूक सांगावी लागत नाहीं. परक्या विद्यार्थ्याला मुख्यतः तीच सांगावी लागते.

परक्या विद्यार्थ्याची ही गरज ओळखण्याचें मोठें काम विलायतेपासून फार दूर, आशिया खंडांत झालें. मायकेल वेस्ट हे ढाका येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्रमुख होते. कोशांत एक शब्द पाहावा आणि त्याचा अर्थ सांगणारे शब्द त्याहूनहि कठीण निघावेत, ही परभाषी विद्यार्थ्याची नेहमींची फजिती. वेस्ट यांनीं १९३५ सालीं एंडिकॉट यांच्यासह जो कोश काढला, त्यांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार केवळ १,४९० सोप्या शब्दांच्या साहाय्यानें समजावून दिले आहेत. तिकडे जपानांत ए. एस. हॉर्न्बी हे १९२४ पासून इंग्रजी शिकवीत होते. त्यांनीं गेटन्बी व वेकफील्ड या सहकाऱ्यांबरोबर तयार केलेला कोश १९४२ सालीं, ऐन महायुद्धाच्या धामधुमींत, टोकियो येथें प्रसिद्ध झाला. १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या मुद्रणालयानें तोच पुन्हा काढला. या कोशाचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत शब्दाच्या अर्थाबरोबर त्याची वागणूकहि सांगितलेली होती. क्रियापदांचे पंचवीस सांचे ठरवून कोणतें क्रियापद कोणत्या सांच्यांत बसतें, हें हॉर्न्बी यांनीं दाखविलें. कोश आणि व्याकरण यांच्यामधली भिंत त्यांनीं पाडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या कोशाचा आजचा वंशज ऑक्सफर्डचा विद्यार्थिकोश होय. तो आज इंटरनेटवर कोणासहि फुकट पाहतां येतो. केंब्रिज, लाँगमन व कॉलिन्स यांचे विद्यार्थ्यांसाठीं केलेले कोशहि तसेच खुले आहेत. आपल्या घरांतून मात्र इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द पाहिला कीं कोशाचें काम संपलें, अशी समजूत आहे. त्या मुलीनें 'एक्सप्लेन' हा शब्द यांपैकीं एका कोशांत उघडला, तर अर्थाच्या जोडीलाच 'अमुक गोष्ट अमक्यास' हा सांचा 'टु' सह छापलेला तिला दिसेल. 'एक्सप्लेन मी' असें म्हणूं नये, अशी सूचनाहि कांहीं कोशांत स्वतंत्रपणें दिलेली आहे. म्हणजे तिच्या पहिल्या चुकीचें औषध एका मिनिटाच्या अंतरावर होतें. तें घेण्यासाठीं कोश अर्थाकरितां न उघडतां वागणुकीकरितां उघडावयास हवा होता, इतकेंच.

याच कोशांत नामांपुढें एक छोटेसें चिन्ह असतें. नाम मोजतां येण्यासारखें आहे कीं नाहीं, हें तें सांगतें. मराठी माणसास या चिन्हाचें महत्त्व फार आहे. मराठींत 'एक चांगली बातमी' आणि 'दोन सल्ले' असें सहज म्हणतां येतें. इंग्रजींत 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' हे शब्द मोजतां येत नाहींत. म्हणून 'अ गुड न्यूज' किंवा 'टू ॲडव्हाइसेस' हे प्रयोग चुकतात. उलट 'माहिती' हा शब्द मराठींतहि कोणी मोजीत नाहीं. त्यामुळें 'इन्फर्मेशन' या शब्दाचें अनेकवचन करूं नये, हें मराठी विद्यार्थ्यास आपल्याच भाषेंतून उमगावयास हरकत नाहीं. मातृभाषा कोठें आड येते आणि कोठें हात देते, हें दोन भाषा शेजारीं ठेवल्यावांचून कळत नाहीं.

आतां तिचें तिसरें वाक्य. 'फीविषयीं चर्चा करणें' यांतील 'विषयीं' तिनें इमानानें 'अबाउट' या शब्दानें उतरविला. पण 'डिस्कस' हें क्रियापद कर्म थेट घेतें. 'डिस्कस द फी' एवढेंच पुरें. गंमत अशी कीं, त्याच धातूपासून झालेलें 'डिस्कशन' हें नाम 'अबाउट' घेतें. त्यामुळें गोंधळ होणें स्वाभाविक आहे. येथेंहि कोश उत्तर देतोच. परंतु ज्याला पडताळा पाहावयाचा असेल त्याच्यासाठीं आणखी एक साधन आहे. तें म्हणजे वाक्यसंग्रह. लोकांनीं प्रत्यक्ष लिहिलेलीं व बोललेलीं लक्षावधि वाक्यें संगणकांत सांठवून तीं हव्या त्या शब्दानें शोधतां येतील अशी व्यवस्था केलेली असते. बर्मिंगहॅम विद्यापीठांत जॉन सिंक्लेअर यांनीं अशा संग्रहाच्या पायावर उभारलेला कोश १९८७ सालीं निघाला. १९९४ सालीं पुऱ्या झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय संग्रहांत दहा कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीचा मार्क डेव्हिस यांचा संग्रह २००८ पासून इंटरनेटवर आहे. त्यांत आज शंभर कोटींहून अधिक शब्द आहेत, आणि नांव नोंदविल्यावर त्याचा मर्यादित उपयोग फुकट करतां येतो.

अशा संग्रहांत 'डिस्कस' हा शब्द शोधला म्हणजे वाक्यांच्या ओळीच्या ओळी एकाखालीं एक येऊन उभ्या राहतात. त्यांच्यावरून नजर फिरविली कीं, या क्रियापदाच्या लगत 'द प्रॉब्लेम', 'द मॅटर', 'द इश्यू' अशीं कर्मेंच येत आहेत, हें डोळ्यांना दिसतें. नियम कोणी सांगितला नाहीं. तो विद्यार्थ्यानें स्वतः पाहिला. अशा रीतीनें पाहिलेला नियम सहसा विसरत नाहीं. एक सावधगिरी मात्र हवी. साध्या शोधयंत्रांत वाक्य घातलें आणि तें कोठेंतरी सांपडलें, एवढ्यावरून तें शुद्ध ठरत नाहीं. इंटरनेटवर अशुद्ध इंग्रजीचाहि सागर आहे. वाक्यसंग्रहांतील वाक्यें कोठून घेतलीं, याचा हिशेब असतो; साध्या शोधांत तो नसतो.

राहिलें दुसरें वाक्य. 'मीं काल फॉर्म पाठविला आहे' असें मराठींत कोणीहि म्हणतो. इंग्रजींत मात्र 'येस्टर्डे' हा शब्द आला कीं 'हॅव सेंट' हें रूप चालत नाहीं. 'आय सेंट द फॉर्म येस्टर्डे' असा साधा भूतकाळच पाहिजे. पूर्ण वर्तमानकाळाचें नातें आजशीं असतें. काल, गेल्या वर्षीं, १९९० सालीं असा संपलेला काळ बोलून दाखविला कीं तें नातें तुटतें. ही चूक एका शब्दाची नाहीं, दोन भाषांच्या काळाकडे पाहण्याच्या दृष्टीची आहे. म्हणून तिला कोश पुरा पडत नाहीं. व्याकरणाचा धडा आणि अभ्यासपाठ लागतो.

अशा धड्यांचीहि उणीव नाहीं. परभाषी विद्यार्थ्यांसाठीं रेमंड मर्फी यांचें पुस्तक १९८५ पासून जगभर चालत आहे. त्यांत डाव्या पानावर एक मुद्दा आणि उजव्या पानावर त्याचे अभ्यासपाठ अशी रचना आहे. इंटरनेटवर ब्रिटिश कौन्सिलच्या संकेतस्थळावर पायरीपायरीनें लावलेले व्याकरणाचे पाठ विनामूल्य आहेत. केंब्रिजच्या कोशाला व्याकरणाचा एक सबंध विभाग जोडलेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत १९९६ ते १९९८ या काळांत खास इंटरनेटसाठीं एक इंग्रजी व्याकरण रचण्यांत आलें. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचें लेखनमार्गदर्शन जगांतील कोणासहि खुलें आहे. आणि नभोवाणीच्या श्रोत्यांस ऐकून आनंद वाटेल कीं, बी. बी. सी. नें इंग्रजी शिकविण्याचें काम १९४३ सालीं नभोवाणीवरूनच आरंभिलें. आज तेंच काम इंटरनेटवर चालू आहे. कानावर पडलेलें वाक्य जिभेवर लवकर बसतें, हा अनुभव माध्यम बदलल्यानें बदलत नाहीं.

उपपदांची कथा याहून निराळी आहे. 'अ' आणि 'द' यांना मराठींत प्रतिशब्दच नाहीं. त्यांचे नियम जितके वाचावे तितके अपवाद वाढतात. येथें उपयोगी पडते ती एक साधी युक्ति. चांगल्या इंग्रजी मजकुराचा एक परिच्छेद उतरून घ्यावा, त्यांतील सर्व उपपदें गाळावीं, दुसऱ्या दिवशीं तीं आपल्या बुद्धीनें भरावीं आणि मूळाशीं ताडून पाहावें. जेथें चुकलें तेथेंच नियम वाचावा. रोज आठ-दहा ओळी केल्या तरी दोन-तीन महिन्यांत कान तयार होऊं लागतो.

आतां सर्वांत नव्या साधनाविषयीं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढें आलें, आणि तेव्हांपासून माणसासारखीं उत्तरें देणारीं अशीं अनेक यंत्रें घरोघरीं पोंचलीं आहेत. त्या मुलीनें आपलीं तीन वाक्यें अशा यंत्रास दिलीं, तर क्षणांत निर्दोष पत्र तिच्या हातीं पडेल. पत्र सुधारेल; मुलगी मात्र होती तेथेंच राहील. पुढच्या पत्रांत त्याच तीन चुका पुन्हा येतील. शिवाय हीं यंत्रें वाक्य बहुधा ठीक दुरुस्त करतात, पण दुरुस्तीचें कारण सांगतांना कधीं कधीं चुकतात, आणि चुकीचें कारणहि तितक्याच ठाम स्वरांत सांगतात. म्हणून त्यांना टाकून देऊं नये, पण त्यांच्याशीं अट घालून बोलावें. 'पत्र लिहून दे' असें न म्हणतां 'या वाक्यांत चूक कोठें आहे तेवढें दाखव, दुरुस्त करूं नकोस' असें सांगावें. दुरुस्ती आपण करावी, आणि ती कोशांत ताडून पाहावी. शिक्षकानें तांबड्या शाईनें ओळ अधोरेखित करावी आणि विद्यार्थ्यानें विचार करावा, ही जुनी रीत या नव्या यंत्राकडूनहि करवून घेतां येते.

या साऱ्याचा मेळ एका साध्या वहींत घालतां येतो. उघडलेल्या वहीच्या डाव्या पानावर आपल्या मनांतलें मराठी वाक्य लिहावें. उजव्या पानावर त्याचें इंग्रजी, कोणालाहि न विचारतां, जसें सुचेल तसें लिहावें. मग कोश, संग्रह किंवा धडा यांपैकीं जें योग्य असेल तें उघडून तपासावें आणि खालीं दुरुस्त वाक्य लिहावें. दुरुस्तीचें कारणहि एका ओळींत नोंदवावें. आठ दिवसांनीं उजवें पान झांकून डाव्या पानावरील मराठी वाक्यांचें पुन्हा इंग्रजी करावें. ही तर्खडकरांच्या पाठमालेचीच रीत आहे. फरक इतकाच कीं, वाक्यें पुस्तकांतलीं नसून स्वतःचीं आहेत. एक कोश, एक पाठांचें स्थळ आणि एक वही एवढें पुष्कळ झालें. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजीचीं आश्वासनें देणाऱ्या वर्गांवर पैसे खर्चण्यापूर्वीं हा प्रयोग प्रत्येक घरानें तीन महिने करून पाहण्यासारखा आहे.

यांतील कठीण भाग साधनांचा नाहीं, पहिलें चुकीचें वाक्य लिहिण्याचा आहे. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी शिकवूं लागले. तरीहि मराठी माध्यमांतून आलेली मुलें महाविद्यालयांत मागच्या बाकावर गप्प बसतात, आणि पालक केवळ या भीतीनें मुलाचें माध्यम बदलतात. त्या गप्पपणाचें मूळ पुष्कळदां व्याकरणांत नसतें. केव्हां तरी चुकीचें वाक्य तोंडांतून निघालें, आणि घरांत किंवा वर्गांत कोणीतरी हसलें, हें तें मूळ असतें. त्यानंतर मूल चूक करीत नाहीं, कारण तें वाक्यच करीत नाहीं. ज्याच्यापाशीं स्वतःचें वाक्य नाहीं, त्याला शंभर कोटी शब्दांचा संग्रह काय देणार?

'एक्सप्लेन मी' असें लिहिणारी मुलगी बुद्धीनें कमी नाहीं. दोन भाषांचा मेळ घालण्याचा तिनें तर्कशुद्ध यत्न केला आहे; इंग्रजी त्या ठिकाणीं तर्कानें चालत नाहीं, एवढाच तिचा दोष. अशा वाक्याला घरांतील वडीलधाऱ्यांनीं हसूं नये, आणि तें लगेच दुरुस्तहि करूं नये. 'हें मराठींत कसें म्हणशील?' असें आधीं विचारावें, आणि मग तिच्याबरोबर बसून कोश उघडावा. ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाहीं अशा आई-आजींनाहि हें करतां येईल, कारण पहिला प्रश्न मराठीचा आहे आणि दुसऱ्याचें उत्तर कोश देणार आहे. चुकीचें वाक्य निर्भयपणें लिहितां येईल अशी जागा मुलाला प्रथम घरांत मिळाली पाहिजे. ती मिळाली, तर इंग्रजीच्या अभ्यासाचीं बाकीचीं साधनें आज प्रत्येक घराच्या दाराशीं येऊन उभीं आहेत.